फाटकाबाहेरची पंगत

आमच्या घरमालकांची बायको त्यांच्याशी बोलत नसे, आणि दोघांचं भांडण मुळीच नव्हतं. हे मला उमगायला बरेच दिवस गेले. तोवर मी आपली समजत होते, काहीतरी बिनसलं असेल, आज ना उद्या मिटेल, आपण परक्यांनी मध्ये पडू नये. मध्ये पडू नये! अहो, मला त्या घरात ठेवून घेतलं होतं तेच मुळी मध्ये पडण्यासाठी.

मी गुंजी गावची. बँकेत लागले आणि पहिलीच नेमणूक निपाणीला झाली. घरात रडारड सुरू. आईचा चेहरा तर असा, की मला निपाणीला नव्हे, दुबईलाच धाडतायत. शेवटी बेळगावात खडेबाजारात कापडदुकान असलेल्या मामांनी निपाणीतलंच एक घर सुचवलं. मालक रिटायर कंडक्टर, निर्व्यसनी, चहासुद्धा पीत नाहीत. "जरा वल्ली हाय," मामा म्हणाले, "पण मानूस सोनं." मामांच्या लेखी जो गिऱ्हाईक घासाघीस करत नाही तो वल्लीच, त्यामुळे मी काही मनावर घेतलं नाही.

दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिले, तर आतून पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी असा एक काटकुळा गृहस्थ बाहेर आला. काठीसारखं शरीर आणि आवाज मात्र असा, की पलीकडच्या गल्लीतला कुत्रा उठून बसला.

"किती जणं?"

"एकटीच."

"मग दारात गर्दी कशाला? मुंद होग्री, मुंद होग्री! मधी जागा हाय."

मुंद होग्री म्हणजे कानडीत पुढे सरका; सगळी नोकरी निपाणी-बेळगाव गाडीत गेलेली. रिटायर झाले तरी त्यांच्या लेखी जग म्हणजे एक भरलेली एसटीच होती. देवळात गेले तरी पुढच्याला सरकवायचे. बाजारात बायका घोळका करून उभ्या दिसल्या की "दारात थांबू नका, दारात थांबू नका" म्हणत वाट काढायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागले.

वरची खोली दाखवून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "निरोप सांगाय येतोय न्हवं?"

"म्हणजे?"

"सैपाकघरातनं हितं सोप्यापतोर. जाताना माझं मी बोलतो. येताना गाडी तुमची. जसाच्या तसा सांगायचा, मसाला घालायचा न्हाय."

मी हसून हो म्हटलं. मला वाटलं, थट्टा करतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या पडवीत, सोप्यावर बसून वेणी घालत होते. अण्णा हाताच्या अंतरावर पेपर वाचत होते. स्वयंपाकघराच्या दारात काकू आल्या, गोऱ्या, ठेंगण्या, गळ्यात तुळशीची माळ. म्हणाल्या, "पोरी, ह्यास्नी सांग, पाणी तापलंय."

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा माझ्याकडे बघत होते. दोघंही थांबलेले. काकूंचं बोलणं त्यांनी ऐकलं नसेल असं म्हणायला तो माणूस ठार बहिरा असायला हवा होता.

"अण्णा, पाणी तापलंय," मी म्हटलं.

"आलो आलो," अण्णा थेट काकूंकडे बघून म्हणाले आणि टॉवेल घेऊन उठले. मी तशीच, अर्धी वेणी हातात धरून.

आता हे मंडळाचं प्रकरण सांगायलाच हवं, त्याशिवाय तुम्हाला त्या घराचं काही कळायचं नाही. चिकोडी रस्त्याला एक मठ आहे. तिथल्या मोठ्या महाराजांनी फार वर्षांपूर्वी मंडळ काढलं. पांढरे कपडे घालायचे, चहा-कांदा-लसूण सोडायचा, लग्नात बँड लावायचा नाही, असे नियम. दर पौर्णिमेला मठात पंगत. ज्या काळी शेजाऱ्याच्या ओसरीवर कोण कुणाला पाणी देत नव्हतं, त्या काळी महाराजांनी सगळ्या जातीची माणसं एका ओळीत जेवायला बसवली. त्या पंगतीचा त्यांनी एक नियम घालून दिला: समोर कुणाचं रिकामं पान दिसत असेल, तोवर कुणी घास घ्यायचा नाही. अण्णा हे सांगताना प्रत्येक वेळी टोपी सरळ करायचे.

महाराज गेल्यावर कारभार पंचांकडे आला आणि पंचांनी आणखी एक नियम जोडला. नियम मोडणाऱ्याचं पंगतीतलं पान उचलायचं. पान उचललं म्हणजे तो मंडळाबाहेर. मग मंडळातल्या कुणी त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्यासोबत जेवायचं नाही, त्याच्या घरच्या लग्नाला, बाळंतपणाला, मयताला जायचं नाही. सख्ख्या भावाने नाही, आईने नाही, एका छपराखाली राहणाऱ्या बायकोनेही नाही.

"ह्यो नियम म्हाराजांचा न्हाय," अण्णा म्हणायचे. "मागनं जोडलेला डबा हाय ह्यो."

अण्णांचं पान उचललं गेलं ते त्यांच्या ड्रायव्हर दोस्तापायी. दोघांनी मिळून जन्मभर एकच गाडी चालवली. त्या दोस्ताने मुलाच्या लग्नात बँड लावला म्हणून त्याचं पान आधीच उचललेलं होतं. तो वारला तेव्हा पंचांनी निरोप धाडला, कुणी जायचं नाही. अण्णा गेले. नुसते गेले नाहीत, खांदा दिला. पुढच्या पौर्णिमेला त्यांचंही पान उचललं. माफी मागा, परत घेतो, असं पंच म्हणाले.

"खांदा दिल्याची माफी मागायची?" अण्णांनी भर मठात विचारलं होतं. "कुणाची? मेलेल्याची का जित्याची?"

झालं. ते बाहेर आले, काकू आत राहिल्या. काकूंना लहानपणी खुद्द मोठ्या महाराजांच्या हातून माळ मिळालेली. ती माळ आणि मंडळ त्यांना वेगळं करता येत नव्हतं. मी तशी डोक्याने गरम, एकदा न राहवून म्हटलंच, "काकू, बोला की त्यांच्याशी! घरात कोण बघायला येतंय?"

काकूंनी भाकरी थापता थापता माझ्याकडे असं बघितलं, की मला लाज वाटली. "कोण बघतंय म्हणून पाळतो व्हय गं?"

गंमत म्हणजे, अण्णांनीही त्यांना कधी गळ घातली नाही. आणि बाहेर काढलेला हा माणूस मंडळाचे नियम आतल्या माणसांपेक्षा कडक पाळायचा. कपडे पांढरेच. कांदा-लसूण नाहीच. मला वर चहा करायला मुभा होती, पण वास खाली आला की अण्णा चप्पल घालून रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. "वासानं बी मन फिरतंय म्याडम," म्हणायचे. "पाच मिंटात आटपा."

त्यांचं बोलणं म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण होतं. बोलायची बंदी काकूंना होती, अण्णांना नव्हती. ह्या सवलतीचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला. सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे, तो काकूंसाठी. आणि भांडायचं झालं की दोघांच्या वतीने एकटेच भांडायचे. बाजारातून पिशवी आणून टेकवायचे आणि सुरू.

"आता म्हणशील, एवढी मेथी कशाला आणली. म्हणशीलच तू. मी म्हणणार, सस्ती मिळाली. मग तू म्हणणार, सस्ता मिळाला तर हत्ती आणाल काय? मी म्हणणार, हत्ती निवडाय लागत न्हाय. तू म्हणणार, निवडाय तुमी बसणार हाय काय? मग..." इथे थोडं थांबून, हार मानल्यासारखं, "बरं बाई. चुकलं. आण हिकडं, निवडतो."

आत काकू पदर तोंडात कोंबून हसायच्या. मी वर्षभर ऐकलं, त्या भांडणांत अण्णा एकदाही जिंकले नाहीत.

मध्यंतरी दोघांनी एक युक्ती काढली होती. अण्णा प्रश्न विचारायचे आणि काकू उलथनं कढईवर आपटायच्या. एकदा म्हणजे होय, दोनदा म्हणजे नाही. मला थोडी सुट्टी मिळाली. पण शेजारच्या कुणीतरी ही बातमी मठात पोचवली. पंचांची बैठक बसली. भांडं वाजवणं हे बोलणं धरायचं की नाही, यावर म्हणे दुपारभर खल झाला. शेवटी निरोप आला: धरायचं. काकूंनी दुसऱ्या दिवसापासून उलथनं असं हळू ठेवायला सुरुवात केली, की जणू तिथे कुणी आजारी झोपलंय.

अण्णा त्या दिवशी भडकले. "आता भांड्याला बी बंदी? उद्या म्हणतील शिंकू नका!"

दर आयतवारी त्यांच्या सोप्यावर बाहेरच्यांचा दरबार भरायचा. बाहेरचे म्हणजे पान उचललेले. चिकोडीकडची एक आक्का यायची. तिच्या लेकीने मंडळाबाहेर लग्न केलं होतं आणि ही लेकीच्या बाळंतपणाला गेली, एवढाच गुन्हा. एक तरुण इंजिनियर कोल्हापुरातून मोटारसायकलवर यायचा. त्याने महाविद्यालयात असतानाच "मला हे पटत नाही" म्हणून माळ काढून ठेवली होती. तेव्हापासून त्याचे आईवडील त्याच्याशी बोलत नव्हते. तो मोबाईलवर मंडळाविरुद्ध व्हिडिओ टाकायचा आणि सगळ्यांना कोर्टात खेचायची भाषा करायचा.

"अण्णा, हे मंडळच बंद पाडायला पाहिजे!"

"गाडी रस्त्यावरनं खाली गेली म्हणून पेटवतोस व्हय रं?" अण्णा ओरडायचे. "आत माणसं बसल्यात. माझी बायको बसलीया. तुझी आई बसलीया."

"पण ब्रेकच गेलेत त्यांचे!"

"म्हणूनच खाली उतरून हाका मारायच्या. दगडं मारून न्हाय."

मला खरं सांगायचं तर इंजिनियरचंच पटायचं. ज्यांनी बाहेर काढलं त्यांच्या नावाने हा माणूस टोपी कसली सरळ करतो? एकदा मी तसं म्हटलं. "सोडून द्या की त्यांना, अण्णा. तुम्हाला काय कमी आहे?" तर माझ्यावरच चिडले. "सोडून देऊ? मंडळ माझं हाय! माझ्या बापानं मठाच्या भिंतीला माती वाहिली. ते काय पंचांच्या सासऱ्याचं हाय?"

अशाच एका आयतवारी, चर्चा चालू असताना, अण्णांनी एकदम कपाळावर हात मारला. "अरं, रिकामं पान! म्हाराजांचा तो नियम पंचांनी काढलाय काय? न्हाय. अजून श्लोकाच्या आधी मोठ्यानं सांगत्यात. मग आपुन पानं मांडून बसूया की! त्यांना दिसंल असं."

पुढच्या पौर्णिमेला सुट्टी होती, म्हणून मीही गेले. खरं म्हणजे गंमत बघायला. मठाच्या फाटकासमोर, रस्त्याच्या कडेला, अण्णांनी पोती अंथरली. अण्णा, आक्का, कुरकुरत आलेला इंजिनियर आणि आणखी चार-सहा जण ओळीने बसले. प्रत्येकाने घरून केळीचं पान आणलेलं. पानावर पाणी शिंपडलं, पुसलं आणि गप्प बसून राहिले. कुणी घोषणा दिली नाही, फलक नाही, काही नाही.

आत पंगत भरलेली. भात, आमटी, गव्हाच्या खिरीसारखी हुग्गी वाढून झाली. म्हातारे वाढपी श्लोक म्हणायला उभे राहिले, नेहमीसारखं म्हणाले, "कुनाचं पान रिकामं हाय काय?" आणि त्यांची नजर फाटकातून बाहेर गेली. ते तिथेच थबकले. एवढी मोठी पंगत, पण एकाचाही हात पानाकडे जाईना.

थोरले पंच तरातरा बाहेर आले. मंडळाबाहेरच्याशी बोलायची त्यांना बंदी, म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि मला धरलं. "बाई, ह्यांना सांगा, उठा हितनं!"

"त्यांना सांगा," अण्णा म्हणाले, "रस्ता सरकारचा हाय. आमी काय मागतोय? जेवा म्हणावं खुशाल."

"असं बसल्यावर आमी जेवायचं कसं?"

"ते म्हाराजांना इचारा."

त्यांनी फाटक लावून घेतलं. फाटक होतं गजांचं! सगळं आरपार दिसत होतं. मला हसू आवरेना, मी ओढणी तोंडाशी धरली. मग धावपळ करून गोदामातली ताडपत्री आणली, फाटकाला बांधली, तेव्हा कुठे पंगत सुटली. तोवर जेवण पार थंड झालेलं.

परतीच्या वाटेवर अण्णा शाळा सुटलेल्या पोरासारखे चालत होते. "आमटी गार झाली म्याडम! समद्यांची आमटी गार झाली!"

संध्याकाळी काकू मठातून आल्या. तोंड उतरलेलं. म्हणाल्या, "पोरी, ह्यास्नी सांग, हे बरं न्हाय केलं. ल्हान लेकरं पानावर रडाय लागली."

मी मसाला न घालता सांगितलं. अण्णांचा चेहरा खाडकन पडला. त्यांनी काकूंकडे बघून हात जोडले. आणि पुढच्या पौर्णिमेआधी काकूंमार्फत पंचांना रीतसर निरोप धाडला: लेकरांची पंगत आधी उरकून घ्या, मग आम्ही बसतो. पंचांनी ते ऐकलं! भांडणाऱ्या दोन बाजूंनी असा एक करार केला, आणि मठात लेकरांची पहिली पंगत तेव्हापासून सुरू झाली.

मग हे दर पौर्णिमेला चालू झालं. आत ताडपत्री, बाहेर रिकामी पानं. वारा सुटला की ताडपत्री फडफडायची आणि आतले लोक माना खाली घालायचे, दिसू नये म्हणून. बाहेरची ओळ मात्र वाढत गेली. संकेश्वरचे आले, गडहिंग्लजचे आले, नंदगडहून दोघं भाऊ आले. एका म्हाताऱ्याला त्याचा आतला मुलगाच मोटारसायकलवर आणून सोडायचा, एक शब्द न बोलता, आणि स्वतः आत जाऊन बसायचा. अण्णा सगळ्यांना बसवायचे. "मुंद होग्री, मधी जागा हाय!"

एके दिवशी संध्याकाळी मी बँकेतून आले तर सोप्यावर थोरले पंच आणि त्यांच्यासोबत आणखी एक जण. अण्णा समोर बसलेले. तिघंही गप्प, कारण पंचांना बोलायला मध्ये माणूस नाही! मला बघताच सगळ्यांचे चेहरे उजळले. पर्स खांद्यावरच होती, तशीच बसले.

"बाई, ह्यांना सांगा," थोरले पंच म्हणाले, "ह्यांच्यापुरतं आमी सूट देतो. घरातल्या घरात ह्यांच्या मंडळींनी ह्यांच्याशी बोलायला हरकत नाही. माफी बी नको. फक्त फाटकावर बसायचं सोडा."

मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. आत भांड्यांचा आवाज बंद झाला होता. काकू दाराआड उभ्या होत्या, त्यांचा पदर दिसत होता. अण्णा त्या पदराकडे बघत राहिले.

"चिकोडीच्या आक्काचं काय?" त्यांनी विचारलं. "आणि त्या पोराच्या आईचं?"

"एकेकाचं बघू पुढं."

अण्णांनी पदरावरची नजर काढली. मग खोल आवाजात म्हणाले, "त्यांना सांगा, सगळी रस्त्यावर हुबी असताना मला एकट्याला शीट नको."

पंच उठून गेले. मी मात्र पेटले. पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले. "काय हो हे, अण्णा! काकूंचा जरा तरी विचार केलात का?"

"केला न्हाय असं वाटतंय तुला?" ते एकदम म्याडमवरून अगं-तुगंवर आले. डोळे भरलेले. "तिचा आवाज रोज कानावर पडतोय. तुझ्याशी बोलती. मांजराशी बोलती. दूधवाल्याशी बोलती. माझ्या नावानं काय येत न्हाय. मला व्हय म्हणायचं हुतं, पोरी. लई म्हणायचं हुतं."

मी वर गेले आणि रडले.

त्यानंतर घर शांत झालं. पाणी तापायचं, भाकरी पानात यायची, पण काकूंचे निरोप बंद झाले. माझ्याकडूनही नाही, कुणाकडूनही नाही. अण्णांचं एकट्याचं भांडणही थांबलं. पेपर मनातल्या मनात वाचू लागले. एकदा मेथीची भली मोठी जुडी आणून ठेवली आणि वाट बघितल्यासारखे उभे राहिले, मग स्वतःच निवडत बसले. मला म्हणाले, "गेली बघ. आता ती माझ्या हातनं गेली." मी त्यांची समजूत काढायला गेले, ती त्यांच्यासोबत मेथीच निवडत बसले. मलाही तसंच वाटत होतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी काकू जिन्याखाली येऊन म्हणाल्या, "पोरी, उद्या माझ्यासंगं आत चल." मठात पाहुण्यांना जेवायला मज्जाव नव्हता. मी गेले.

पुरुषांच्या ओळी वाढून झाल्या होत्या. बायकांच्या पहिल्या ओळीत पहिल्या पानावर काकू, शेजारी मी. ताडपत्री बांधलेली. पलीकडे कुणी हूं की चूं करत नव्हतं. म्हातारे वाढपी भाताची बादली घेऊन आले. काकूंनी दोन्ही हात पानावर धरले.

"वाढू नका."

"का गं बाई? बरं न्हाय?"

"बरी हाय. वाढू नका."

वाढप्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही हात पानावर ठेवले, दुसरं काय करणार! माझ्या पलीकडे एक बाई होत्या, त्यांनी काकूंकडे बघितलं, मग म्हणाल्या, "मलाबी नको." त्यांच्या पलीकडे कोल्हापूरच्या त्या इंजिनियरची आई. त्या बाईंनी हात पानावर आडवा धरला आणि नुसत्या रडूच लागल्या. मग पुढची, मग तिच्या पुढची. वाढपी बादली घेऊन ओळीच्या टोकापर्यंत गेले आणि भरलेली बादली घेऊन तसेच परत आले.

थोरले पंच आले. "हे काय चाललंय? पान रिकामं ठेवू नये."

काकूंनी मान वर केली. त्यांनी पंचांच्या तोंडाकडे असं कधी बघितलं नसेल. हात मात्र पानावरून हलवले नाहीत. "म्हाराजांनी सांगितलंय, रिकामं पान दिसत असताना घास न्हाय."

"कुठं दिसतंय? ताडपत्री हाय न्हवं?"

"ती तुमी बांदली. मला दिसतंय. रोज दिसतंय, घरात बी दिसतंय." आणि मग जरा मोठ्याने, "मी मंडळ सोडणार न्हाय. माळ काढणार न्हाय. पण जेवणार बी न्हाय."

ताडपत्री आता कुठे बांधणार? रिकामी पानं आतच होती, शंभर डोळ्यांसमोर. पुरुषांच्या ओळीत सगळे वाढलेल्या पानापुढे हात बांधून बसलेले. थोरल्या पंचांची स्वतःची बायको तिसऱ्या ओळीत होती. तिने आपलं पान हळूच पुढे सरकवलं, तेही रिकामं. ते मी बघितलं आणि पंचांनीही बघितलं.

म्हातारे वाढपी म्हणाले, "सांगा काय ते. भात गार व्हायलाय."

पंचांनी मान खाली घातली. तो माणूस दुष्ट नव्हता, हे मला त्या वेळी पहिल्यांदा जाणवलं. "सोडा ती गाठ," ते शेवटी म्हणाले.

ताडपत्री खाली आली. वाढपी बादली घेऊन फाटकाबाहेर रस्त्यावर गेले. अण्णा पहिल्या पानावर डोळे मिटून बसले होते. पानावर भात पडला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. एवढा बडबड्या माणूस, पण एवढंच म्हणाला, "थोडा वाढा." सवयीने.

लगेच सगळं बदललं असं मुळीच नाही. पंचांच्या बैठका झाल्या, वादावादी झाली, दोघं पंच रुसून घरी बसले. शेवटी ठरलं ते असं: पान उचलायचा नियम राहील, पण बोलणं, जेवण, बाळंतपण आणि मयत यांना बंदी नाही. इंजिनियर वैतागला. "अर्धंच दिलं!"

"अर्ध्या तिकिटावर बी गाडीत चढता येतंय रं," अण्णा म्हणाले. "चढल्यावर बघू." पण त्याच्या आईने त्याला मठाच्या आवारातच जवळ घेतलं तेव्हा हा व्हिडिओवाला शहाणा मोबाईल खिशात ठेवून लहान पोरासारखा रडत होता, हेही मी सांगते.

हा निर्णय मठात वाचून दाखवला त्या संध्याकाळी मी आणि अण्णा सोप्यावर शेंगा फोडत बसलो होतो. त्यांना काही सुधरत नव्हतं, टरफलं पातेल्यात आणि दाणे सुपाबाहेर टाकत होते. काकू आल्या. पाय धुतले, आत जाऊन दिवा लावला, पाणी प्यायल्या. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सवयीने मी मान वर केली. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"अहो," काकू म्हणाल्या.

अण्णांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "काय गं?"

काकूंनी दाराची चौकट धरली.

"काय न्हाय," त्या म्हणाल्या. "हाक मारून बघितली."